खेकड्याची साक्ष



२ जुलै २०१९ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. खालच्या भेंदवाडीतली डझनभर घरे वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बेपत्ता माणसांचा शोध पुढे कितीतरी दिवस चालू होता. धरण जुने होते असेही नाही. बांधून पुरी वीस वर्षेसुद्धा झाली नव्हती. धरणाला गळती आहे अशी तक्रार आम्ही आधीच केली होती, असे गावकऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी वार्ताहरांना सांगितले.

यातले बरेचसे आज अनेकांच्या लक्षात नसेल. लक्षात आहे तो खेकडा. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले की धरणाजवळ खेकडे फार झाले होते आणि त्यांनी पोखरल्यामुळे गळती लागली. महाराष्ट्रभर त्यांची टर उडवली गेली. विरोधी पक्षाचे कार्यकर्ते खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि यांना अटक करा म्हणाले. ती क्लिप इकडे अमेरिकेतही फिरली. आम्हीही ती चार जणांना पाठवली होती, हे आधी कबूल केलेले बरे. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, पुण्यात मुठेचा कालवा फुटून झोपडपट्टीत पाणी शिरले तेव्हाही तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांचेच नाव घेतले होते. म्हणजे हा आरोपी सराईत होता.

हसून झाल्यावर मात्र एक गोष्ट शांतपणे पाहायला हवी. मातीच्या धरणाला बिळे करणारे प्राणी घातक असतात, हे मंत्र्यांचे म्हणणे मुळात खोटे नाही. अमेरिकेच्या फेमा या सरकारी संस्थेने २००५ साली धरणमालकांसाठी एक जाडजूड पुस्तिका काढली, तिचा विषयच हा आहे. बीव्हर, मस्करॅट, ग्राउंडहॉग, आर्माडिलो, मुंग्या, इतकेच काय, अॅलिगेटरसुद्धा तिच्यात आहे. आणि खेकड्याचा चुलतभाऊ शोभेल असा क्रेफिशही आहे. प्रत्येकाचे बीळ कसे ओळखायचे, किती खोल जाते, ते कसे बुजवायचे, सगळे तपशीलवार दिलेले आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की मंत्र्यांनी खेकड्याची साक्ष काढली ती बचावासाठी, पण ती साक्ष उलटी जाते. बीळ एका रात्रीत होत नाही. ते दिसते, मोजता येते, बुजवता येते. धरण खेकड्यांनी पोखरले असे जो खातेप्रमुख म्हणतो, तो प्रत्यक्षात कबूल करत असतो की महिनोन्महिने या बांधावरून डोळे उघडे ठेवून कोणी चालले नाही.

आपल्यातले बरेच जण इंजिनिअर असले तरी सॉफ्टवेअरचे, म्हणून मातीचे धरण म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण, पाण्याकडच्या उतारावर दगडांचे अस्तर, पलीकडच्या उतारावर गवत. एका टोकाला सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी निघून जाण्याची वाट. खालून एक नळी किंवा मोरी, शेताला पाणी सोडायला. असा बांध थोडाफार पाझरतोच, पाझरावाच. पायथ्याशी निथळणारे पाणी स्वच्छ असेल तोवर फारशी काळजी नसते. ते गढूळ झाले की समजायचे, पाण्याबरोबर धरणाची मातीही येते आहे. आत नळीसारखी एक पोकळी तयार होते, ती पायथ्याकडून मागे मागे तलावाच्या दिशेने सरकते आणि ज्या दिवशी ती तलावाला मिळते त्या दिवशी काही तासांत सगळे संपते. दुसरा मृत्यू वरून येतो. सांडवा अपुरा असला किंवा झाडाझुडपांनी, गाळाने, कोणाच्या अतिक्रमणाने बुजला की पाणी माथ्यावरून वाहू लागते. काँक्रीटचे धरण हे थोडा वेळ तरी सोसू शकते. माती सोसत नाही.

दोन्ही प्रकारांत आधी खुणा दिसतात. बांधावर वाढलेली बाभळीची झाडे (झाड मेले की कुजलेल्या मुळाची जागा म्हणजे पाण्याला आयती वाट). माथ्यावर लांबच लांब गेलेली भेग. गंजून अडकलेले विमोचकाचे दार. आणि सगळ्यांत साधी खूण म्हणजे मे महिन्यात सगळे रान करपलेले असताना पायथ्याशी दिसणारा एकच हिरवागार पट्टा. हे पाहायला पीएच.डी. लागत नाही. गुरे राखणाऱ्या पोराला दिसते आणि तो घरी सांगतोही. प्रश्न आहे तो घरच्यांनी पुढे कोणाला सांगायचे हा.

येथे खरी गुंतागुंत सुरू होते. महाराष्ट्रात छोट्या धरणांची वाटणी हेक्टरांवर झालेली आहे. सिंचनक्षमता शंभर हेक्टरांपर्यंत असेल तर जिल्हा परिषद, सहाशेपर्यंत मृद व जलसंधारण खाते, त्यावर जलसंपदा खाते. शिवाय तलाव एका खात्याने बांधून दुसऱ्याकडे हस्तांतरित केलेला असतो, आणि कागद तिसऱ्याकडे. ‘लघु’ हा शब्द किती शेत भिजते त्यावरून ठरतो. बांध किती उंच आहे आणि त्याच्या खाली कोण झोपते याचा त्यात विचारच नाही. पूर्वी चौकीदार, कालवा निरीक्षक अशी माणसे असत. ती निवृत्त झाली आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. एका शाखा अभियंत्याकडे इतके तलाव असतात की त्याला सगळे पाहायचे म्हटले तर पावसाळा संपून जाईल.

२०२१ च्या डिसेंबरात संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. तो अनेक वर्षे रखडला होता. झाला हे चांगलेच झाले. तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा, जबाबदार अधिकारी, सगळे त्यात आहे. पण दारातच उंचीची पट्टी लावलेली आहे. पंधरा मीटरपेक्षा उंच धरण असेल तर आत. दहा ते पंधरा मीटर असेल तर आणखी काही अटी, जसे की पाचशे मीटर लांबी किंवा दहा लाख घनमीटर साठा, यांतली एखादी पुरी केली तर आत. दहा मीटरपेक्षा कमी असेल तर बाहेर. महाराष्ट्रात या पट्टीत बसणारी धरणे देशात सर्वांत जास्त, दोन हजारांहून अधिक आहेत, तेव्हा कायदा निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण पट्टीच्या खाली जे राहिले, ते गाव तलाव आणि पाझर तलाव, त्यांच्याकडे आता कायद्याच्या जोरावर कोण बघणार? नऊ मीटरचा बांध रात्री फुटला तर खालच्या वाडीला तो नऊ मीटरचाच होता हे समजून काही उपयोग नाही.

या पाझर तलावांचे मूळ आपल्यापैकी साठी-सत्तरीतल्या वाचकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडत होती, नालाबांध घालत होती, डोक्यावर पाट्या वाहून पाझर तलावांचे भराव घालत होती. पुढे रोजगार हमीखाली तेच चालू राहिले. ते काम किती मोलाचे होते हे सांगायला नको. त्या भाकरीवर वाढलेली मुले आज न्यू जर्सीत आणि बे एरियात आहेत. पण भराव दाबायला सगळीकडे रोलर होता का, गाभ्याची माती नीट निवडली होती का, सांडवा कोणत्या पावसाचा हिशेब धरून काढला, हे प्रश्न त्या घाईत सगळीकडे विचारले गेले असतील असे मानणे भाबडेपणाचे आहे. ते बांध आता पन्नाशी ओलांडून गेले आहेत. आणि पाऊस पूर्वीसारखा आठवडाभर रिपरिपत नाही, चार तासांत कोसळून मोकळा होतो.

त्याहून जुनी गोष्ट पूर्व विदर्भातली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात सहा-सात हजार मातीचे तलाव आहेत, कोहळी समाजाच्या पिढीजात कसबातून उभे राहिलेले. त्यांना आज ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. नाव ऐकून हसू येते, पण त्यामागचा इतिहास हसण्यासारखा नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणे न्यायाचेच होते. पाळी दुरुस्त व्हायच्या त्यातला बराच भाग वेठबिगारीवर चालायचा, त्याचे गोडवे गायचे कारण नाही. पण दरवर्षी पाळीवर माती टाकणे, सलंग साफ ठेवणे, हे काम कोणाचे तरी होते. सरकारने मालकी घेतली आणि ते काम तेवढे कोणाचेच राहिले नाही. एका जुलमी व्यवस्थेच्या जागी चांगली व्यवस्था आणायची असते. नुसती मोकळी जागा ठेवून चालत नाही, हे आपल्या पुरोगामी मंडळींनी फारसे बोलून दाखवलेले नाही.

आता आपण राहतो त्या देशाकडे पाहू. येथे सगळे आलबेल आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने पेनसिल्व्हेनियात जॉन्स्टाऊनला एकदा जाऊन यावे. तेथून चौदा मैल वर साउथ फोर्क नावाचे मातीचे धरण होते. पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारीच्या क्लबाने ते घेतले; कार्नेगी, फ्रिक, मेलन हे सभासद. तळातून पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले होते, ते पुन्हा बसवले नाहीत. बग्ग्या जाव्यात म्हणून माथा थोडा खाली केला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी त्या जाळ्यांत काटक्या आणि पालापाचोळा अडकला, पाणी माथ्यावरून गेले, आणि २२०९ माणसे मेली. धरण फुटणार अशी तार त्या दिवशी खाली गेली होती. पण अशा आवया दर पावसाळ्यात उठत, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. क्लबाला न्यायालयात कोणी जबाबदार धरू शकले नाही.

ते फार जुने झाले म्हणाल, तर २०१३ साली टेक्सासने खाजगी मालकीच्या हजारो छोट्या ग्रामीण धरणांना सुरक्षेच्या नियमांतून सूट दिली. ऑक्टोबर २०१५ च्या पावसात साउथ कॅरोलायनात सुमारे पन्नास लहान धरणे फुटली. आयोवा, ओक्लाहोमा, टेक्सासच्या शेतांतून गाडीने जाताना दिसणारे ते हिरवे बांध, जे कृषी खात्याच्या मदतीने १९४४ आणि १९५४ च्या कायद्यांखाली अकरा हजारांहून अधिक बांधले गेले, तेही बहुतेक पन्नास वर्षांचे आयुष्य धरूनच. तेव्हा खाली मक्याचे शेत होते, आता तेथे कुठे कुठे आपल्यासारख्यांच्या कॉलन्या आहेत. बांध तोच, पण धोका वाढला.

तरीही एक गोष्ट येथून घेण्यासारखी आहे. येथे धरणाचा धोका ठरवताना आधी विचारतात की हे फुटले तर खाली माणूस मरेल का. उत्तर ‘बहुधा हो’ असेल तर ते ‘हाय हॅझर्ड’, मग उंची काही का असेना आणि बांध कितीही ठणठणीत का असेना. राष्ट्रीय यादीतही ते जाते. यादीत गेले म्हणून ते सुधारते असे नाही. मिशिगनमधल्या ईडनव्हिल धरणाचा सांडवा अपुरा आहे हे सगळ्यांना वर्षानुवर्षे माहीत होते. वीजनिर्मितीचा परवाना त्याच कारणाने २०१८ मध्ये रद्द झाला, तरी बांध तसाच राहिला आणि १९ मे २०२० रोजी फुटला. खालचे धरणही गेले, मिडलंड शहरात पाणी शिरले. पण एकही माणूस मेला नाही. दहा हजारांहून अधिक लोकांना आधीच बाहेर काढले होते, करोनाच्या ऐन भरात.

हे अमेरिकेलाच जमते असे म्हणून हात झटकू नयेत. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात कारम नदीवरचे बांधकाम चालू असलेले मातीचे धरण गळू लागले. ते तसे का बांधले गेले याची चौकशी वेगळी. पण गळती दिसताच अठरा गावे रिकामी केली, पोकलेनने बाजूने चर खणून पाणी वाट करून दिले, आणि तेथेही कोणी मेले नाही. त्या धरणावर त्या दिवशी माणसे होती आणि काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार असलेला कोणीतरी जागा होता. तिवऱ्याला भेंदवाडीच्या पंधरा-वीस घरांचे मोबाइल नंबर एका कागदावर लिहून संध्याकाळी फोन फिरवायला किती खर्च आला असता, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

हा सगळा विषय या पत्रात घ्यायचे कारण म्हणजे यात आपलाही हात आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत परदेशातल्या मराठी माणसाने गावाकडच्या पाण्यासाठी जेवढे पैसे दिले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशासाठी दिले असतील. बंधारे, तलावांची खोली वाढवणे, गाळ काढायला जेसीबीचे भाडे. दिवाळीच्या कार्यक्रमात स्लाइड शो होतो: आधीचा भेगाळलेला तलाव, नंतरचा तुडुंब भरलेला तलाव, टाळ्या. आम्हीही त्या टाळ्या वाजवल्या आहेत, आणि पुढेही वाजवू. पण ‘तुडुंब भरला’ याचा अर्थ त्या जुन्या मातीच्या बांधावर तीस वर्षांत आला नव्हता एवढा भार आता आला, हे त्या स्लाइडवर लिहिलेले नसते. गाळ उपसताना यंत्र बांधाच्या पायथ्यापर्यंत नेले, तर पाझर रोखणारा मातीचा थर आपण स्वतःच खरवडून काढलेला असतो, तोही आपल्या डॉलरने. शेतकऱ्याला ती सुपीक माती हवीच असते, ड्रायव्हरला तासाचे पैसे मिळतात, आणि बांधापासून लांब राहा असे सांगायला तेथे कोणी अभियंता असतोच असे नाही.

दुरुस्तीला देणगी मागायला कोणी येत नाही, कारण दुरुस्तीचा फोटो निघत नाही. सांडव्यातली झुडपे तोडली, बिळे बुजवली, विमोचकाच्या दाराला ग्रीस लावले, याचे उद्घाटन कोण करणार? येथे सरकार आणि देणगीदार यांच्या स्वभावात फार फरक नाही. दोघांनाही नवे काम आवडते.

काही जण म्हणतील की हे सरकारचे काम आहे, आपण हात घातला तर सरकार सुटते. मुद्दा बिनतोड आहे आणि आमच्या बैठकांत तो नेहमी येतो. उंचीच्या पट्टीऐवजी खाली राहणाऱ्या माणसांची मोजणी करा, दहा मीटरखालच्या बांधांची जिल्हावार यादी आणि त्यांच्या तपासणीचे अहवाल लोकांसमोर ठेवा, अशी मागणी सरकारकडे केलीच पाहिजे, आणि तेथल्या आपल्या मित्रसंघटनांनी माहिती अधिकारात अर्ज टाकायला सुरुवात करावी अशी विनंती आम्ही करत आहोत. पण ज्या बांधावर आपण खर्च केला त्याची चौकशी करायला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.

म्हणून मंडळाने पुढच्या बैठकीत असा प्रस्ताव ठेवला आहे: यापुढे पाण्याच्या कोणत्याही कामाला मदत करताना रकमेचा एक भाग पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीसाठी वेगळा ठेवावा, काम मान्य करण्याआधी बांधाची पाहणी केलेल्या अभियंत्याची सहीची नोंद मागावी, आणि बांधाखाली किती घरे आहेत, त्यांत कोण राहते, रात्री त्यांना कोण उठवणार, हे अर्जातच विचारावे. शेवटच्या प्रश्नाला काही सभासदांचा विरोध आहे, अर्ज फार लांबतो म्हणून. बैठकीत बोलूच.

तोवर एक छोटे काम. ज्यांनी ज्यांनी आपल्या गावच्या तलावासाठी पैसे दिले आहेत, त्यांनी पावसाळ्याआधी गावी एक फोन करावा. सरपंचांना नको, शक्यतो बांधाजवळ शेत असलेल्या काका-मामांना, किंवा वाडीतल्या एखाद्या वहिनींना करावा. सांडव्यात काय उगवले आहे, पायथ्याला कुठे ओल आहे का, असेल तर पाणी नितळ आहे की गढूळ, एवढेच विचारावे आणि आम्हाला कळवावे. गावांची नावे आणि मिळालेली उत्तरे पुढच्या अंकात देऊ.

– संपादक मंडळ